‘जायबंदी’ : डॉ. जोनाथन शे यांच्या निमित्ताने

डॉ. जोनाथन शे यांचे ‘अकिलीझ इन व्हिएतनाम’ हे पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध झाले. ते ग्रंथालयाच्या कोणत्या कपाटात ठेवावे, असा प्रश्न आमच्या ग्रंथपालांना पडला होता. मानसशास्त्राच्या कपाटात ठेवले तर साहित्याचे विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत, आणि ग्रीक महाकाव्याच्या कपाटात ठेवावे तर मुखपृष्ठावर ‘युद्धजन्य आघात’ असे शब्द. शेवटी ते आमच्याच टेबलावर राहिले आणि गेली कित्येक वर्षे महाकाव्याच्या तासाला आम्ही ते वापरीत आलो आहोत. त्याविषयी आमच्या मनात जितका आदर आहे तितकीच एक तक्रारही आहे. दोन्ही मांडण्याचा हा प्रयत्न.

शे हे मुळात मेंदूतील पेशींवर संशोधन करणारे. १९४१चा जन्म, हार्वर्डचे पदवीधर, पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची वैद्यकाची पदवी आणि डॉक्टरेट. पक्षाघातात मेंदूच्या पेशींचे काय होते, हा त्यांच्या प्रयोगशाळेचा विषय होता. दैवाची क्रूर विनोदबुद्धी अशी की चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांना स्वतःलाच पक्षाघाताचा झटका आला. अंथरुणावर पडल्या पडल्या, शिक्षणात राहून गेलेली एक उणीव भरून काढावी म्हणून, त्यांनी ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ वाचायला घेतली, तीही अनुवादांतून. (होमर अनुवादातूनच वाचणाऱ्या आणि अनुवादातूनच शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना या तपशिलाचा किती आधार वाटतो, हे वाचकांना सांगायला नको.) बरे झाल्यावर संशोधन पुन्हा सुरू करता येईल, या आशेने १९८७मध्ये ते बॉस्टनच्या सरकारी माजी सैनिक रुग्णसेवेत आले. आजारी पडलेल्या एका सहकाऱ्याच्या जागी काही काळ बाह्यरुग्ण विभाग सांभाळायचा, एवढेच ठरले होते. तेथील व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांनी आपल्याला जणू पळवून नेले, असे शे पुढे सांगत असत. प्रयोगशाळा मागे पडली आणि सुमारे वीस वर्षे ते त्या माणसांत राहिले.

ही माणसे कोण होती? युद्ध संपून दहा-पंधरा वर्षे उलटून गेलेली, लग्ने मोडलेली, नोकऱ्या सुटलेली, दारू आणि अमली पदार्थांशी झुंजणारी. रात्री घराभोवती गस्त घालणारी. त्यांच्या अवस्थेला १९८०मध्ये अमेरिकन मनोविकारशास्त्राने ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ असे अधिकृत नाव दिले होते. भीतीचा आणि भयानक दृश्यांचा मनावर खोलवर उमटलेला ठसा, असा त्याचा ढोबळ अर्थ. शे यांना मात्र या माणसांच्या बोलण्यात वारंवार निराळेच काही ऐकू आले. गोळ्या, सुरुंग, मृत्यू यांविषयी ते बोलत, पण आवाज चिरकत असे तो दुसऱ्याच ठिकाणी: ‘आमच्याच माणसांनी आम्हांला फसवले’ या ठिकाणी.

पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात एका सैनिकाची हकिकत येते. होड्यांतून शस्त्रे उतरवली जात आहेत, अशी वरून खबर आली आणि रात्रीच्या अंधारात तुकडीने त्या होड्यांवर गोळीबार केला. उजाडल्यावर दिसले की मेलेले लोक कोळी होते, त्यांत मुले होती. इथवर ही युद्धातली एक भीषण चूक झाली. पण पुढे अधिकाऱ्यांनी ते मृतदेह शत्रूचे म्हणून मोजले, काळजी करू नका असे सांगितले आणि या ‘कामगिरी’बद्दल पदके वाटली. त्या माणसाला झोपू न देणारी गोष्ट नेमकी कोणती? शे यांचे उत्तर असे की जखमेचे मूळ गोळीबारात आहेच, पण ती चिघळली पदकामुळे.

यावरून त्यांनी पुढे जी व्याख्या सिद्ध केली ती तीन अटींची आहे. जे रास्त आहे त्याचा विश्वासघात झालेला असला पाहिजे, तो ज्याच्या हाती वैध अधिकार आहे त्याच्याकडून झालेला असला पाहिजे आणि तोही जिवावर बेतलेल्या प्रसंगी. या तिन्ही एकत्र आल्या की जे घडते त्याला ते नैतिक जखम म्हणतात. ‘इलियड’ उघडताच हेच घडते, हे त्यांच्या ध्यानात आले. सेनापती अगामेम्नॉन भर सभेत अकिलीझला सैन्याने सन्मान म्हणून दिलेली ब्रिसेइस हिरावून घेतो. आपण वर्गात याला ‘मानापमान’ म्हणून मोकळे होतो. विद्यार्थ्यांनाही तो एका अहंकारी वीराचा रुसवा वाटतो. शे यांच्या रुग्णांना तो तसा वाटला नसता. ज्याच्या शब्दावर आपण रोज मरायला बाहेर पडतो त्यानेच सगळ्यांदेखत नियम मोडला, असे त्यांनी ते वाचले असते.

‘जे रास्त आहे’ यासाठी शे ‘थेमिस’ हा होमरचा शब्द पुढे करतात. इंग्रजीत त्याला एक शब्द सापडत नाही, म्हणून त्यांना दोन-तीन शब्दांचा प्रयोग करावा लागला. मराठीत आम्ही पुष्कळ दिवस ‘धर्म’ वापरून पाहिला. तो फार मोठा पडतो, त्याच्याबरोबर सगळे तत्त्वज्ञान घरात शिरते. ‘न्याय’ न्यायालयात नेतो. ‘नीती’ला शाळेचा वास येतो. ‘रीत’ हा शब्द मात्र चपखल बसतो. ‘जशी रीत आहे’ असे होमर म्हणतो, अगदी आपली आजी म्हणेल तसे. रीत लिहिलेली नसते, सर्वांना ठाऊक असते, आणि ती मोडणारा मोठा माणूस असला तर ‘ही रीत नव्हे’ एवढेच आपण पुटपुटतो. सैन्यातल्या माणसाचे जग लिखित हुकमांपेक्षा या अलिखित रितीवर उभे असते: पुढाऱ्याने शेवटी जेवावे, सोबत्याचे प्रेत मागे टाकू नये, केलेल्या कामाविषयी खोटे बोलू नये.

रीत मोडली की अकिलीझचे जग आक्रसत जाते. सैन्य, सेनापती, युद्धाचे कारण, सारे गळून पडते आणि शेवटी एकच माणूस उरतो, पॅट्रोक्लस. सोळाव्या सर्गात तो मरतो. अठराव्यात अकिलीझ धुळीत लोळतो. मग जे सुरू होते त्याला शे ‘बेफाम अवस्था’ म्हणतात. दया नाही, भय नाही, थकवा नाही; नदी प्रेतांनी भरते आणि तो नदीशीच लढू लागतो. हेक्टरचे प्रेत रथाला बांधून फरफटत नेतो. या क्रमाशी जुळणाऱ्या हकिकती शे यांनी आपल्या रुग्णांकडून पुन्हा पुन्हा ऐकल्या होत्या. १९९१मध्ये त्यांनी यावर प्रथम एक शोधनिबंध लिहिला, हार्वर्डचे होमर-अभ्यासक ग्रेगरी नॅगी यांनी उत्तेजन दिले आणि त्यातून पुस्तक झाले. त्याच्या उपशीर्षकात शीलाच्या विध्वंसाचा उल्लेख आहे. चांगले संस्कार झालेल्या प्रौढ माणसाचे शील काही केल्या ढळत नाही, ही समजूत प्लेटोपासून चालत आलेली. शे यांनी ती नाकारली. आमच्या मते पुस्तकाचे खरे धाडस येथे आहे.

आता उपचाराविषयी. सरकारकडून फसवला गेलेला माणूस सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरवर विश्वास का ठेवील? ही अडचण शे यांच्या आधीच्यांनाही दिसली होती. १९७०पासून रॉबर्ट जे लिफ्टन आणि खाइम शॅटन हे मनोविकारतज्ज्ञ न्यूयॉर्कमध्ये सैनिकांच्या स्वयंप्रेरित चर्चागटांत बसू लागले होते. १९७९मध्ये अमेरिकन काँग्रेसने ‘व्हेट सेंटर’ नावाची केंद्रे मंजूर केली. ती रुग्णालयापासून दूर, बाजारपेठेतल्या गाळ्यांत उघडण्यात आली आणि समुपदेशकांत अनेक जण स्वतः माजी सैनिक होते. या सेवेचे नेतृत्व १९८२पासून बारा वर्षे डॉ. आर्थर ब्लँक यांनी केले. ते स्वतः व्हिएतनाममध्ये लष्करी मनोविकारतज्ज्ञ म्हणून राहून आलेले होते. शे यांच्यापाशी हे भांडवल नव्हते. ते कधीच सैन्यात नव्हते आणि त्यांनी ते कधी लपवलेही नाही. त्यांच्याजवळ काय होते? सहकाऱ्यांचा एक गट होता, ज्यात कोणी एक डॉक्टर देव नव्हता. रुग्णांचा परस्परांवर विश्वास बसावा यासाठी आखलेला कार्यक्रम होता. आणि ऐकणे होते. निदान करण्याआधी, वर्गवारी करण्याआधी, काही उपाय सुचवण्याआधी ऐका, असे ते सहव्यवसायींना बजावतात. ऐकणाऱ्याने हकिकतीने हादरले पाहिजे, पण कोसळता कामा नये. सांगणाऱ्याला तपासायचे असते ते हेच. पुढे हा गट वॉशिंग्टनला, १९८२मध्ये उभारलेल्या त्या काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीपाशी, एकत्र जात असे. तिच्यावर अठ्ठावन्न हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. शोक सामुदायिक झाल्याखेरीज तो निवत नाही, हे शे यांनी होमरवरून आणि ग्रीक शोकांतिकांवरून शिकले की रुग्णांवरून, हे सांगणे कठीण आहे. बहुधा त्यांनाही सांगता आले नसते.

‘डिसऑर्डर’ या शब्दाशी त्यांचे भांडण होते. ही व्याधी नव्हे, जखम आहे, असा त्यांचा आग्रह. लढाईत हात गेलेल्या माणसाला कोणी ‘हस्तविकाराचा रुग्ण’ म्हणत नाही. मग मन गेलेल्याला ‘मनोरुग्ण’ का म्हणावे? मराठीत या भेदासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही. बखरींपासून वर्तमानपत्रांपर्यंत वापरात असलेला एक शब्द आपल्याजवळ आहे: ‘जायबंदी’. आजारी माणसाविषयी कीव येते, क्वचित संशयही येतो. जायबंदी माणसाविषयी प्रश्न उभा राहतो: कोठे, कोणाच्या हुकमावरून, कोणासाठी?

हा शब्द आम्ही वर्गात फळ्यावर लिहिला तेव्हाची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आमचे महाविद्यालय ज्या भागात आहे तेथे घराघरांतून एक तरी माणूस पलटणीत गेलेला असतो. निवृत्त होऊन आलेला शिपाई असो की हवालदार, गाव त्याला ‘मेजर’च म्हणते. तास संपल्यावर दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी थांबला.

“सर, आमचे तात्या पलटणीतून येऊन बारा वर्षं झाली. अजून दाराकडं पाठ करून जेवायला बसत नाहीत.”

“तात्या कधी काही बोलतात का त्याबद्दल?”

“कुणी इचारलंच नाही, सर.”

त्याच्या वडिलांना काय झाले असेल याचा आम्हांला काहीही अंदाज नाही, आणि दुसऱ्याच्या बापाचे निदान करणे हे साहित्याच्या मास्तरचे काम नव्हे. आपल्या देशाचे युद्ध व्हिएतनाम नव्हते, आपल्या पलटणींची रचनाही अमेरिकेसारखी नाही. पण त्या मुलाचे शेवटचे वाक्य शे यांच्या संपूर्ण कारकिर्दीला लागू पडते, म्हणून ते येथे नोंदवले.

मराठी वाचकाला अकिलीझपाशी थांबता येत नाही. त्याच्या मागोमाग अश्वत्थामा येतोच. कपाळावरची भळभळती जखम घेऊन, दारोदार तेल मागत हिंडणारा हा लोककथेतला अश्वत्थामा आपण लहानपणीच भेटलेला असतो. संपूर्ण महाभारत न वाचलेल्यांच्याही बोलण्यात ती जखम म्हणीसारखी येते. ‘न परतलेला सैनिक’ याहून वेगळा काय असतो? पण सौप्तिकपर्व शे यांच्या क्रमाने वाचून पाहावे. ज्याच्या सत्यनिष्ठेवर द्रोण विसंबतो त्या धर्मराजाच्या तोंडून अर्धसत्य येते आणि त्याचा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकतो. शस्त्र टाकलेल्या बापाचे मस्तक उडवले जाते. नंतरची रात्र ठाऊकच आहे. झोपलेल्या धृष्टद्युम्नाला अश्वत्थामा लाथांनी तुडवतो. निदान शस्त्राने मार, ही त्याची विनवणीही तो मानत नाही. हेक्टरची विनवणी न ऐकणारा अकिलीझ आणि हा, यांत अंतर फारसे नाही. शे यांची व्याख्या येथे काटेकोरपणे बसत नाही, हे मान्य केले पाहिजे, कारण दगा शत्रुपक्षाकडून झालेला आहे. मात्र कुरुक्षेत्रावर शत्रुपक्ष म्हणजे कालचे शिष्यच होते, आणि ‘धर्मराज’ हे पद केवळ पांडवांपुरते नव्हते.

आता तक्रार. शे यांचे दुसरे पुस्तक ‘ओडिस्यूस इन अमेरिका’ २००२मध्ये आले. जॉन मॅकेन आणि मॅक्स क्लेलंड या, व्हिएतनाममध्ये लढलेल्या दोन सिनेटरांची प्रस्तावना त्याला आहे. त्यात घरी परतण्याच्या वाटेवरचे एकेक संकट घेऊन त्याला नागरी जीवनातील एकेक संकट जोडले आहे: कमळ खाऊन भान हरपलेले लोक म्हणजे अमली पदार्थ, सिकोनांवरचा छापा म्हणजे युद्ध संपल्यावरही लुटारूच राहणे, आणि असे बरेच. काव्य असे कोष्टकात बसवले की त्याचा जीव जातो. ‘ओडिसी’तील समुद्र प्रथम समुद्र आहे. रूपककथा म्हणून वाचणारे होमरला प्राचीन काळापासून भेटत आले आहेत, आणि प्रत्येकाला त्यात आपलेच शास्त्र सापडले आहे. समीक्षक म्हणून आम्हांला हे पुस्तक पहिल्यापेक्षा उणे वाटते.

तरीही त्यातला फाएकियनांच्या दरबाराचा भाग आम्ही दरवर्षी शिकवतो. मेजवानी चालू आहे, अंध गायक डेमोडोकस ट्रॉयची गाणी गात आहे, दरबारी मजेत ऐकत आहेत आणि अनोळखी पाहुणा डोक्यावरून झगा ओढून रडतो आहे. ज्यांच्यासाठी युद्ध करमणूक आहे आणि ज्याच्यासाठी ती आठवण आहे, ते एकाच गाण्याचे श्रोते. शे यांनी आपल्या रुग्णांना नागरिकांच्या पंगतीत असेच बसलेले पाहिले होते. आणि होमरची ती उपमा! ओडिस्यूस रडतो तो, ज्या स्त्रीचा नवरा शहर राखताना पडला आणि जिला शत्रू भाल्याने ढोसत दास्यात नेत आहेत, तिच्यासारखा. विजेता पराजितांच्या स्त्रीसारखा रडतो. या उपमेपुढे सगळी कोष्टके गळून पडतात, आणि शे यांनाही बहुधा ते ठाऊक असावे, कारण सेनापती म्हणून ओडिस्यूसवर ते अतिशय कठोर आहेत. बारा जहाजे घेऊन निघाला, एकटा घरी पोचला. बाकीच्यांच्या घरच्यांनी काय म्हणावे?

एक आक्षेप विद्यार्थी नेहमी घेतात आणि तो घेतलाच पाहिजे. या साऱ्यात व्हिएतनामी लोक कोठे आहेत? होड्यांतले कोळी एका अमेरिकनाच्या निद्रानाशाचे कारण म्हणूनच आपल्याला भेटतात. शे यांना याची जाणीव नव्हती असे नाही. होमर ट्रोजनांना माणूस म्हणून मान देतो, अमेरिकन प्रशिक्षणाने तो शिकवला नाही, आणि शत्रूला कीटक समजणाऱ्या सैनिकाचेच मन त्यामुळे अधिक नासते, असे त्यांचे एक प्रकरणच आहे. होमरने काय वगळले याचाही ते हिशेब मांडतात: भूक-तहान, आपल्याच गोळीबारात मेलेले, रेंगाळत मरणारे जखमी, सामान्य जनतेचे हाल. तरी दवाखाना बॉस्टनला होता. ज्याच्या दाराशी जो बसतो त्याचे त्याला ऐकू येते.

शे यांनी दवाखान्यातच राहायचे नाकारले, ही त्यांच्या कारकिर्दीतील आम्हांला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. जखम वरून होत असेल तर मलम खाली लावून किती दिवस भागेल? व्हिएतनाममध्ये सैनिक एकेकटा जाई, बारा महिने मोजून एकेकटा परत येई. सोबत्यांची तुकडी अशी टिकतच नसे. अधिकारी तर बहुधा सहा महिन्यांत बदलत. एकत्र शिकवा, एकत्र पाठवा, एकत्र परत आणा आणि अधिकाऱ्यांच्या खरेपणाला प्रतिबंधक लस समजा, हे शे सेनापतींना सांगत राहिले. मरीन दलाच्या प्रमुखांसाठी त्यांनी १९९९-२०००मध्ये विश्वास या विषयाचा अभ्यास केला, २००४-०५मध्ये लष्कराच्या मुख्यालयात नेतृत्व आणि नीती यांसाठीच्या अध्यासनावर काम केले. २००७मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. तोवर इराक सुरू झालेले होते.

२००९मध्ये ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका निबंधामुळे ‘नैतिक जखम’ ही संज्ञा सर्वत्र पसरली. पण तिचा रोख बदलला. माणसाने स्वतः जे केले, किंवा होताना पाहूनही थांबवले नाही, त्यावर तो आला. दोन्ही अर्थ हवेत, असे शे म्हणत. आम्हांला मात्र या बदलात थोडी सोयही दिसते. दोष सैनिकाच्या अंतरंगात नेला की अगामेम्नॉनला कोणी काही विचारत नाही. महाभारतात पाहावे तर दुसऱ्या अर्थाचा जायबंदी युधिष्ठिर आहे. कर्ण आपला भाऊ होता हे कळल्यावर त्याला राज्य नकोसे होते. मग भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण, शेवटी शरशय्येवरचा भीष्म, सगळे त्याला समजावतात. शांतिपर्वाच्या त्या अफाट विस्तारात सांगणारे पुष्कळ आहेत. युधिष्ठिराचे ऐकून घेणारे किती, हे मोजावे. त्याआधीच्या स्त्रीपर्वातील विलापात मात्र कोणी कोणाला फारसे शिकवत नाही. गांधारी एकेक प्रेत नाव घेऊन दाखवते, आणि कृष्णाला, म्हणजे ज्याला हे थांबवण्याचा अधिकार होता त्याला, जाब विचारते.

२००८पासून ब्रायन डॉरीझ हे दिग्दर्शक अमेरिकेत सोफोक्लीझची नाटके सैनिकांपुढे वाचून दाखवू लागले. सोफोक्लीझ स्वतः अथेन्सचा निवडून दिलेला सेनापती होता, आणि त्याच्या प्रेक्षागृहात बसलेले पुरुष लढून आलेले होते. शे यांनी हे आधीच सांगून ठेवले होते. ‘आयास’मध्ये अकिलीझची शस्त्रे आपल्याला न देता ओडिस्यूसला दिली म्हणून अपमानित झालेला वीर भ्रमात गुरेढोरे कापतो आणि शुद्धीवर आल्यावर स्वतःच्या तलवारीवर पडतो. वाचन संपले की नट बाजूला होतात आणि प्रेक्षक बोलू लागतात. पुष्कळदा त्यांना प्रथम बोलते करते ती आयासची स्त्री तेक्मेसा, जिने घराच्या आतून हे सगळे होताना पाहिले.

येत्या सत्रात आम्ही ‘आयास’ आणि स्त्रीपर्व एकापाठोपाठ लावणार आहोत. मुखोद्गत नको, नुसते वाचायचे, पाळीपाळीने. परीक्षेच्या दृष्टीने याचे काय करायचे ते विभागप्रमुखांनी अद्याप सांगितलेले नाही. तेक्मेसाच्या वाचनासाठी तिघींनी नावे दिली आहेत. त्यांतल्या दोघी मेजरांच्या मुली आहेत.